वांझ नाही, नर आहे: नदीकाठच्या वाळुंजाविषयी

नीरा नदीच्या काठावरच्या एका गावातून ताईंनी विचारलं आहे: "आमच्या मळईच्या टोकाला दोन जुनी झाडं आहेत. म्हातारी माणसं त्यांना वाळुंज म्हणतात. मुलाने मोबाईलवर फोटो टाकला तर 'विलो' असं उत्तर आलं. विलो तर थंड देशातलं झाड ना, बॅटीचं? एका झाडाला हिवाळ्यात कापूस सुटतो. दुसऱ्याला नुसते पिवळे तुरे येतात आणि गळून जातात, म्हणून लोक त्याला वांझ म्हणतात आणि तोडून टाका सांगतात. मी कापसातलं बी गोळा करून डब्यात ठेवलं, जूनमध्ये पहिल्या पावसाला वाफ्यात टाकलं. एकही उगवलं नाही. यंदा काठावर पन्नासेक झाडं लावायची आहेत. माझं काय चुकलं?"

ताई, सगळ्यात आधी ते दुसरं झाड तोडू देऊ नका. ते वांझ नाही, नर आहे. आणि बी उगवलं नाही यात तुमची हयगय काही नाही. आपण सगळेच झाडांचं वेळापत्रक जून महिन्यापासून मोजतो, वाळुंज ते वेगळ्याच ठिकाणापासून मोजतो, एवढंच.

मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता नदीकाठच्या देशी झाडांची एक लहानशी रोपवाटिका चालवतो. वाळुंजाशी ओळख पुस्तकातून झाली. मैत्री मात्र चुका करत करत झाली. त्यातली एक चूक पुढे सांगणारच आहे.

मोबाईलने सांगितलं ते खरं आहे. वाळुंज हा विलोच. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. सॅलिक्स या प्रजातीत जगभरात ४०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या. ध्रुवाजवळ तर जमिनीलगत सरपटणारे, बोटभर उंचीचे विलो असतात. झाड म्हणायलाही जीभ रेटत नाही. या थंड घराण्यातल्या मोजक्या जाती मात्र उन्हाच्या देशात उतरल्या. दक्षिण अमेरिकेत नद्यांच्या कडेने सॅलिक्स हम्बोल्टियाना आहे. आपल्याकडे वाळुंज आहे, आणि तो पाकिस्तानपासून भारतभर, पुढे दक्षिण चीन, जावा, फिलिपिन्सपर्यंत गेलेला आहे. सह्याद्रीत आणि दख्खनवर कुणी न लावता रानात उगवणारा विलो म्हणजे हाच. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाला शहर एवढं भिडलं तरी अजून काही वाळुंज तग धरून आहेत. वाळुंज हे आडनाव सगळ्यांना माहीत, झाड दाखवायला सांगितलं की लोक एकमेकांकडे बघतात.

'टेट्रास्पर्मा' म्हणजे चार बियांचा. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरच्या झाडांची चित्रं आणि वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात याला हे नाव दिलं. बोंड उकलून बिया मोजल्या असणार. लोकांनी दिलेली नावं मला जास्त आवडतात. मल्याळममध्ये याला आट्टुपाला म्हणतात, त्यातला 'आरु' म्हणजे नदी. बंगालीत पानीजमा. झाड कुठे शोधायचं ते नावातच सांगून टाकलंय.

एक घोटाळा इथेच मिटवतो. संस्कृतात याला वेतस, जलवेतस म्हणतात आणि अमरकोशात वेतसाला वानीर, वंजुल असे पर्याय दिलेले आहेत. मराठीत वेतस वाचलं की आपल्या डोळ्यापुढे वेत येतो, मास्तरांच्या हातातला. तो वेत वेगळा. तो ताडामाडाच्या कुळातला, काटेरी वेलासारखा झाडांवर चढणारा. वाळुंजाशी त्याचं काही नातं नाही. जुन्या भाषांतरांत दोघांची इतकी सरमिसळ झालेली आहे की 'वेतसाच्या कुंजात' बसलेले प्रेमिक काट्यात बसले होते की सावलीत, हे दर वेळी संदर्भ बघून ठरवावं लागतं.

आता झाड. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोड दिसतंय: करडं-तपकिरी, उभ्या खोल भेगा पडलेली साल. उंची मध्यम, साधारण दहा-पंधरा मीटर. पान भाल्याच्या पात्यासारखं लांबट, ८ ते १५ सेंटिमीटर, कडेला अगदी बारीक दाते. वरून हिरवं, उलटं केलं की पांढुरकं, राख फासल्यासारखं. कोवळी पालवी रेशमी लवेची, बोटांना लगेच कळते. नदीवरून वारा आला की अख्खं झाड क्षणभर रुपेरी होतं. लांबून वाळुंज ओळखायची माझी खूण तीच.

काठावर चकवणारं दुसरं झुडूप म्हणजे शेरणी. खडकाळ पात्रात, धारेच्या मधोमध, लांबट पानांची दाट झुडपं दिसतात ती. पान वाळुंजासारखं वाटतं, पण ती एरंडाच्या कुळातली. ती खडकाच्या फटीत रुतून बसते, वाळुंज गाळ शोधतो. शंका आली तर पानांच्या बगलेतली कळी बघा. विलोच्या प्रत्येक कळीवर एकच खवला असतो, टोपी घातल्यासारखा. बहुतेक झाडांच्या कळ्यांवर कौलांसारखे खवल्यांचे थर असतात. एवढी एक टोपी बघून कुठल्याही देशातला विलो पकडता येतो.

नर-मादीचं आता नीट बघू. पपईचं उदाहरण तुम्हाला सांगायला नको. नुसती फुलं येऊन फळ न धरणारी नर पपई प्रत्येक परसात एकदा तरी आलेली असते. करटोलीचंही तसंच, वेल नर निघाला की भाजी नाही. वाळुंजात हेच आहे: नरफुलं एका झाडावर, मादीफुलं दुसऱ्या झाडावर. फुलं म्हणजे तरी काय, पाकळी नाही, रंगीत दल नाही. लोंबत्या कणसासारखा तुरा, त्याला पुस्तकात नतकणिश म्हणतात. नराचा तुरा ५ ते १० सेंटिमीटर, पिवळा, मंद गोड वासाचा. मादीचा थोडा लांब, हिरवट, बिनवासाचा म्हटला तरी चालेल. त्याच्यावर नंतर बोंडं धरतात, आणि ती उकलली की तुमचा कापूस.

नराच्या तुऱ्यातलं एक फूल चिमटीत काढून भिंगाखाली धरा. ५ ते १० पुंकेसर दिसतील. थंड प्रदेशातल्या पुष्कळ विलोंना फक्त दोन असतात. विलोंच्या घराण्यात जास्त पुंकेसरांच्या जाती जुन्या शाखेतल्या मानल्या जातात, आणि उष्ण प्रदेशातले बरेचसे विलो याच शाखेतले. म्हणजे आपला वाळुंज हा थंडीतून चुकून इकडे आलेला पाहुणा समजू नका.

फुलाच्या तळाशी मधाची बारीक ग्रंथी असते. विलोचा सख्खा भाऊ पॉप्लर, त्याच्या फुलात मध नाही, तो सगळा भार वाऱ्यावर टाकतो. वाळुंज वाऱ्यावरही विसंबतो आणि माश्यांनाही बोलावतो. पावसाळा संपताना जेव्हा इतर फुलोरा ओसरत असतो तेव्हा नर वाळुंजावर सातेरी आणि फुलोरी माश्यांची नुसती गर्दी असते. सकाळी नऊच्या सुमाराला झाडाखाली उभं राहिलं तर डोक्यावर हार्मोनियमचा एक सूर धरून ठेवल्यासारखं वाटतं. तुमच्या गावात मधपेट्या ठेवणारं कुणी असेल तर त्याला त्या 'वांझ' झाडाखाली आणून उभं करा. तोडा म्हणणारे आपोआप गप्प होतील.

माझी चूक अशी. रोपवाटिकेच्या सुरुवातीच्या काळात मला एक देखणा वाळुंज सापडला. त्याच्याच फांद्यांपासून चाळीसेक रोपं केली आणि एका ओढ्याच्या काठाने लावली. जगली, वाढली, सात-आठ वर्षांत फुलली. सगळी पिवळी! चाळीसही नर, कारण चाळीसही एकाच नराचे तुकडे. ओढ्यावर मध भरपूर झाला, पण पुढची पिढी शून्य. फांदी लावून केलेलं झाड हे नवं झाड नसतं, त्याच झाडाचा आणखी एक हात असतो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ही चूक करावी याची लाज अजून वाटते.

आता तुमचं बी. वाळुंजाची बी म्हणजे कणभर जीव आणि त्याला रेशमी केसांचा झुपका. आपण ज्याला बी म्हणून ओळखतो, हरभरा, चिंच, आंबा, त्यात रोपट्यासाठी शिदोरी बांधलेली असते. विलोच्या बीत शिदोरी जवळजवळ नसतेच. आतला अंकुर तर चक्क हिरवा असतो, बाहेर पडल्यापासून ऊन खाऊन जगायच्या तयारीत. त्यामुळे बी हलकी होते, मैलोगणती उडते, आणि त्याची किंमत आयुष्याने मोजते. विलोंची बी साध्या हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे जिवंत राहते. ओल्या गाळावर पडली तर एका दिवसात रुजते. तुम्ही हिवाळ्यात गोळा केली आणि जूनला पेरली. तुमच्या डब्यात तेव्हा नुसता कापूस उरला होता.

मग प्रश्न पडतो की इतकी नाजूक बी हे झाड कोरड्या ऋतूच्या तोंडावर का सोडतं? बाकीची झाडं बी अशी सोडतात की पाऊस लागला की उगवावी. वाळुंज पावसाळा संपता संपता पानं झाडतो, लगेच नवी पालवी काढतो, तिच्यासोबत तुरे येतात आणि थंडीत बोंडं उकलतात. आपल्याकडे हे साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत, जागेप्रमाणे थोडं पुढेमागे. पाऊस तर गेलेला असतो!

उत्तरासाठी आभाळाकडे न बघता नदीकडे बघा. पावसाळ्यात पूर येतो, काठ धुतला जातो, जुनी झुडपं-गवत उपटून निघतं आणि मागे गाळाचा ताजा थर बसतो. मग पाणी ओसरायला लागतं. रोज थोडं खाली. आज जो पट्टा पाण्याखाली होता तो उद्या उघडा पडतो: ओला, उन्हात, तण नसलेला, पोयट्याचा. शिदोरी नसलेल्या बीला नेमकं हेच पाहिजे असतं, कारण गवताच्या सावलीत ती एक दिवसही टिकायची नाही. बी पडते, रुजते, पहिल्याच दिवशी अंकुराच्या तळाशी केसांचं एक कडं फुटून ते गाळाला चिकटतं, आणि मग मूळ खाली उतरायला लागतं. नदी खाली, मूळ तिच्यामागे. जूनपर्यंत सहा महिने हाताशी असतात. तेवढ्यात मूळ पुरेसं खोल गेलं तर पुढच्या पुरात रोप टिकतं.

महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाळुंज हे त्यातलं तिसरं पात्र आहे, वाकतही नाही आणि जातही नाही. त्याची फांदी मोडते, वाहत जाऊन खालच्या वळणावर गाळात अडकते, आणि तिथे मुळं धरते. पूर त्याला तोडतो आणि त्याच हाताने लावतो.

मूळ नदीच्या मागे उतरतं म्हटलं, पण त्यालाही वेग आहे. उत्तर अमेरिकेत नदीकाठच्या पॉप्लरवर याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. तिथे असं आढळलं की ओल दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत खाली गेली तर रोपट्याचं मूळ तिला गाठू शकतं, त्याहून वेगाने गेली तर रोपटं वाळतं. वाळुंजाचा आकडा याहून थोडा इकडेतिकडे असेल, पण गणित हेच.

इथे तुमच्या नीरेचा प्रश्न येतो. तुमच्या वर खोऱ्यात भाटघर आणि वीर ही धरणं आहेत, आणि काठाने कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालतात आणि पाणी अडवतात. म्हणजे ज्या आठवड्यांत पात्राने हळूहळू उघडं पडायला हवं त्याच आठवड्यांत ते भरून उभं राहतं. मग आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपलं, मोटारी चालल्या, की पाणी एकदम खाली जातं. शिवाय वाळू-गाळाचा उपसा. शेतीला पाणी लागतं, त्यावर माझी तक्रार नाही; पण वाळुंजाची पोरं का दिसत नाहीत, नुसती म्हातारी झाडंच का उरली आहेत, याचं कारण मला इथे दिसतं. तुमच्या दोन झाडांच्या आसपास मनगटाएवढ्या खोडाचा एक तरी तरुण वाळुंज आहे का, बघा. मी फिरलो त्या बहुतेक बंधारलेल्या नद्यांवर मला आजोबा दिसले, नातवंडं नाहीत.

म्हणून हाताने लावायचे तर फांदीच बरी. विलोच्या सालीखाली मुळांचे झोपलेले अंकुर आधीच तयार असतात. ओल लागली की जागे होतात. पुराच्या पाण्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या वाळुंजाच्या खोडाला पाण्याच्या रेघेवर तांबूस मुळ्यांचा झुबका लोंबताना तुम्ही पाहिला असेल. लडाखमध्ये हेच करतात, फांदी रोवतात आणि विलोंचे मळे उभे करतात. तिथल्या घरांच्या छतात पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काठ्या अंथरलेल्या असतात.

तुम्ही असं करा. अंगठ्याएवढी जाड, गेल्या वर्षीची किंवा त्याच्या आधीची निरोगी फांदी, हातभर लांब. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सपाट, म्हणजे उलटी रोवली जाणार नाही. (उलटी रोवलेली मी पाहिली आहेत. हसू नका, शंभर फांद्या हातात आल्या की होतं.) कापायची वेळ पानगळीनंतर, नवी पालवी फुटायच्या आत. कापल्यावर दोन-तीन दिवस बादलीत पाण्यात उभ्या ठेवा आणि मग जमिनीत दोन-तृतीयांश आत जाईल अशा रोवा. पहारीने भोक करून घाला, फांदीच ठोकू नका, साल सोलवटते.

आणि जूनमध्ये लावू नका. वृक्षारोपणाचा कार्यक्रम जूनचा, फोटो जूनचे, खड्डे जूनचे. पण काठावर जूनमध्ये रोवलेली फांदी ऑगस्टच्या पुरात उपटून जाते. करंज, जांभूळ, अर्जुन काठाच्या वरच्या अंगाला लावायचे तर जून ठीक आहे. वाळुंज मात्र पूर उतरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाण्याच्या कडेला लावा. तुमच्याकडे बर्गे घातल्यावर पाणी ज्या रेघेवर स्थिरावतं ती रेघ गावात कुणालाही माहीत असते. तिच्यापासून हात-दीड हात वर पहिली ओळ. वाळुंज उन्हाळ्यात सुकलेल्या माळावर नेऊन, टँकरने पाणी घालून जगवायचा अट्टहास करू नका. विहिरीच्या बांधकामाला, पाइपलाइनला लागून तर अजिबात नको. ओल शोधत जाणारी ती मुळं सांध्यात शिरतात.

पन्नास झाडं म्हणालात. निम्म्या फांद्या कापसाच्या झाडाच्या, निम्म्या तुऱ्याच्या झाडाच्या, आणि त्या आलटून पालटून. पण इतकंच केलं तर पन्नास झाडं ही खरी दोनच झाडं होतील. नदीच्या वर-खाली दहा-वीस किलोमीटरात आणखी म्हातारे वाळुंज शोधा, प्रत्येकाच्या चार-पाच फांद्या आणा. फुललेली झाडं हिवाळ्यात बघून नराला पिवळी आणि मादीला पांढरी दोरी बांधून ठेवा, कारण फांदी कापायच्या वेळेला झाड निष्पर्ण असतं आणि तेव्हा ते काही सांगत नाही. शेळ्यांना पाला फार आवडतो. पहिली दोन वर्षं बोराटी लावल्याशिवाय काही उरणार नाही.

बॅटीचं विचारलंत. इंग्लंडची बॅट सॅलिक्स अल्बा म्हणजे पांढरा विलो या जातीच्या एका प्रकारापासून होते, काश्मीरमधल्या बॅटीही लावलेल्या पांढऱ्या विलोच्याच. वाळुंजाचं लाकूड हलकं आहे, पण वाळुंज तोडून बॅट करायचा विचार कुणाच्या डोक्यात घालू नका. लोंबत्या फांद्यांचा जो विलो बागेत शोभेला लावतात, तो चीनमधला सॅलिक्स बॅबिलोनिका. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने बायबलमधल्या बॅबिलोनच्या नद्यांवरून नाव ठेवलं, आणि तिथल्या काठांवरची झाडं बहुधा पॉप्लर होती. नदीसुधारणेच्या नावाखाली तो आणून लावायची टूम निघाली तर नम्रपणे नको म्हणा.

सालीतल्या औषधाबद्दल दोनच वाक्यं. विलोच्या सालीतून सॅलिसिन हे द्रव्य १८२८ मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी वेगळं केलं, आणि सॅलिसिलिक आम्लाच्या त्या वाटेवर पुढे १८९७ मध्ये बायर कंपनीत अ‍ॅस्पिरिन तयार झालं. ताप आला म्हणून झाडाची साल उकळून पिऊ नका. किती मात्रा पोटात गेली ते कळत नाही, आणि साल सोललेलं झाड मरतं.

तीच कडू द्रव्यं एका वेगळ्या ग्राहकाला मात्र बरोबर कळतात, आणि ही गोष्ट सांगायचा मोह मला कधीच आवरत नाही. नारिंगी अंगावर काळे ठिपके असलेलं, सतत पंख हलवत राहणारं एक फुलपाखरू आहे, कॉमन लेपर्ड. त्याची मादी अंडी घालते वाळुंजाच्या कोवळ्या पालवीवर. आणि आणखी कुठे? तांबटीवर. तांबट म्हणजे आपलं रानातलं काटेरी झुडूप, लालसर आंबटगोड फळांचं. गोव्यातली जगमां त्याच गोतातली. माझ्या विद्यार्थिदशेत तांबट एका कुळात आणि विलो दुसऱ्याच कुळात शिकवले जात. एक काटेरी, कोरड्या डोंगरउतारावरचं, रसाळ फळाचं. दुसरं बिनकाट्याचं, पाण्यातलं, कापसाच्या बीचं. आम्ही मुकाट्याने पाठ केलं. पुढे डीएनए तपासून झाडांची कुळं नव्याने मांडली गेली, जुनं फ्लॅकोर्शिएसी कुळ मोडलं, आणि तांबट विलोच्या सॅलिकेसी कुळात येऊन बसली. प्रयोगशाळेला जे कळायला एवढा काळ लागला ते या फुलपाखराची मादी पायाने पान चाचपून ओळखत होती. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

तुमच्या पालवीवर बारीक काटेरी सुरवंट दिसले तर फवारा मारू नका. झाडाला त्यांचा काही त्रास नाही.

शेवटचं एक काम, पैसा न लागणारं. यंदा कापूस सुटायला लागला की एका थाळीत काठावरचा ओला गाळ भरा, वरून सपाट करा, आणि मादी झाडावरून ताजा उडणारा कापूस त्यावर अलगद टाका. माती वर घालू नका, बीला ऊन दिसलं पाहिजे. थाळी सावलीत न ठेवता उजेडात ठेवा, गाळ सुकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघा. मोहरीहून लहान, हिरवी दोन-दोन पानं उघडलेली दिसतील. दिसली तर मला फोटो पाठवा, आणि कुठल्या तारखेला दिसली तेही लिहा. नीरेकाठची तारीख माझ्या वहीत नाही.